तिसऱ्या डबीतली गोगलगाय

"ज्याचं नाव ठाऊक नाही, त्यावर पाय द्यायचा नाही. आधी चौकशी करायची, मग पाऊल टाकायचं. कळलं का गं?"

थोरल्या जाऊबाईंना जाऊन चार वर्षं झाली होती, पण त्यांचा आवाज काही गेला नव्हता. तो धाकटीच्या उजव्या कानात मुक्कामाला होता, आणि तोही भाडेकरूसारखा नव्हे, मालकासारखा. त्या सकाळी तो आवाज असा काही कडाडला की धाकटीचा उचललेला उजवा पाय हवेतच राहिला.

या धाकटीला चोवीस बिऱ्हाडांच्या त्या इमारतीत सगळे 'हळूबाई' म्हणत. कारण उघड होतं. त्यांनी जिन्यात कुणाला हाक मारली, तर माणूस दोन मजले चढून गेल्यावर आपल्याला कुणी बोलावलं की काय अशा शंकेनं परत खाली येई. आवाज चढवायचा नाही, हा त्यांचा पहिला नेम. खोटं बोलायचं नाही, हा दुसरा. हे दोन त्यांचे स्वतःचे. तिसरा मात्र वारशानं आला होता. इमारतीच्या मागं गवताचं एक मोकळं मैदान होतं. रोज सकाळी तोंडात पाण्याचा घोट घेण्याआधी त्या गवताभोवती अनवाणी अकरा फेऱ्या घालायच्या, हा नेम थोरल्या जाऊबाईंचा. शेवटच्या दिवसांत, दवाखान्याच्या खाटेवरून त्यांनी धाकटीचा हात धरून म्हटलं होतं, "माझ्या फेऱ्या बंद पडू देऊ नकोस." धाकटी म्हणाली होती, "नाही पडू देणार." एवढंच. पण हळूबाईंचा शब्द म्हणजे सिमेंटात रोवलेला खांब. वाकत नाही, आणि रंगही उडत नाही.

तर पहिलीच फेरी चालू होती. आठवडाभर पाऊस लागून राहिला होता, गवत ओलंगच्च होतं, आणि नेमक्या पाय पडायच्या जागी काहीतरी पिवळं उभं होतं. अंड्याच्या बलकाइतकं पिवळं. अर्ध्या बोटाएवढं उंच. पान नाही, फूल नाही, फांदी नाही. जमिनीखाली कुणी बारीक माणसं राहत असावीत आणि त्यांनी एकदम पाचसात गदा वर उगारल्या असाव्यात, असं ते दिसत होतं.

हरळी हळूबाईंना ठाऊक होती, तिपानी ठाऊक होती, शेवाळाचे तीन प्रकार ठाऊक होते. जाऊबाईंनी तीस वर्षं फेऱ्या घालताना एकेकाची ओळख करून दिली होती, लग्नाच्या पंगतीत नातेवाईकांची करून द्यावी तशी. पण ही पिवळी मंडळी त्या यादीत नव्हती. हळूबाईंनी पाय मागं घेतला, वळसा घातला, तर पुढं आणखी एक घोळका. याच्या गदांना वर हरणाच्या शिंगांसारखे फाटे फुटलेले. कुंपणाच्या भिंतीशी तिसरा, त्याची टोकं फिकी पांढरट.

एक कुटुंब की तीन, हेही कळेना.

त्यांनी कशाबशा अकरा पुऱ्या केल्या. वळशांमुळं फेरी अपुरी तर पडली नाही ना, म्हणून वर बारावी घातली. घरी येऊन यजमानांना म्हणाल्या, "अहो, मागं काहीतरी पिवळं आलंय."

यजमान टपाल खात्यातून निवृत्त झालेले. उभं आयुष्य त्यांनी अपुऱ्या पत्त्याची पाकिटं योग्य घरी पोचवण्यात घालवलं होतं. ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "येऊ दे. पाहुणे आहेत, जातील."

पण पाहुण्यांची बातमी दुपारपर्यंत चोवीस बिऱ्हाडांत पोचली, आणि मग जे व्हायचं ते झालं. आपल्याकडे माणसाला स्वतःच्या आजाराबद्दल शंका असते, पण दुसऱ्याच्या अंगणात काय उगवलंय याबद्दल नसते. तळमजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक काठी टेकत आले, तीन फुटांवरून पाहिलं आणि म्हणाले, "कुत्र्याची छत्री."

"पण याला छत्री नाहीये हो," हळूबाई म्हणाल्या.

"मग कुत्र्याची काठी म्हणा. कुत्रा म्हातारा झाला असेल." आणि स्वतःच्याच विनोदावर हसत निघून गेले. पुढले पंधरा दिवस हा विनोद त्यांनी प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्रपणे ऐकवला.

गच्चीवर कुंड्या फुलवणाऱ्या बाई आल्या. इमारतीत त्यांना गच्चीवाल्या बाई म्हणत. त्यांच्या मते हा जमिनीचा ताप होता. "खाली उष्णता साठली की वर असं पिवळं फुटतं. व्हिनेगर ओता, व्हिनेगर." व्हिनेगर ही त्यांची सर्व रोगांवरची मात्रा. मागं त्यांनी तुंबलेल्या मोरीवर, मुंग्यांवर आणि जावयाच्या पडशावर तीच सुचवली होती. रखवालदाराचं म्हणणं, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या मेणबत्त्या उरल्या असतील. "पेटवून बघू का?" असंही त्यानं प्रामाणिकपणे विचारलं.

हे सगळं तिथंच संपलं असतं. पण त्याच रविवारी इमारतीची सभा होती, आणि सभेत एकच विषय होता: मागच्या मैदानावर पेव्हर ब्लॉक बसवून गाड्या लावायची सोय करणे.

चिटणीस हे गृहस्थ म्हणजे, त्यांना मोकळी जागा दिसली की पोटात कळ येत असे. जिन्याखालच्या मोकळ्या जागेत त्यांनी कपाट बसवलं होतं, कपाटावरच्या मोकळ्या जागेत फलक, आणि फलकावरच्या मोकळ्या जागेत 'येथे काही लिहू नये' असं लिहिलं होतं. मैदान सामाईक, त्यामुळं ठरावाला चोवीस सह्या लागत. तेवीस झाल्या होत्या. कागद हळूबाईंपुढं आला.

त्या काहीतरी म्हणाल्या. नेहमीप्रमाणं कुणाला ऐकू गेलं नाही.

"संमती आहे असं म्हणताहेत," चिटणिसांनी सोयीचं भाषांतर केलं.

हळूबाई उठल्या, टेबलापाशी गेल्या आणि तितक्याच हळू म्हणाल्या, "संमती नाही, असं म्हणतेय."

हळूबाई बोलू लागल्या की सगळ्यांना पुढं वाकावंच लागे, त्यामुळं त्यांचा नकारही गुपितासारखा कानात शिरे आणि तिथंच बसे.

"कारण?" चिटणिसांनी विचारलं.

"तिथं तीन जागी काहीतरी पिवळं उगवलंय. नाव कळल्याशिवाय मी त्यावर पाय देत नाही. तर फरशी कशी पडू देऊ?"

कुणीतरी खुसकन हसलं. मुख्याध्यापकांनी ही संधी साधून काठीचा विनोद पुन्हा सांगितला. चिटणीस मात्र हसले नाहीत. ते खुर्चीत मागं टेकले. त्यांना एक कल्पना सुचली होती, आणि चिटणिसांना कल्पना सुचली की इमारतीतल्या जाणत्या माणसांच्या छातीत धस्स होई.

"ठीक आहे, वहिनी. तुमचा मान राखू. पंधरा दिवस देतो. त्या पिवळ्या वस्तूंची नावं आणा. तोंडी नाही, कागदावर, शिक्क्यानिशी. आणलीत तर ठराव रद्द. नाही आणलीत तर निमूटपणे सही. कबूल?"

यजमानांनी टेबलाखालून पाय दाबला. पण तो पाय निघाला मुख्याध्यापकांचा. तेवढ्यात हळूबाई बोलून गेल्या होत्या, "कबूल."

झालं. एक शब्द जाऊबाईंना, दुसरा सभेला, आणि दोन्ही एकमेकांच्या आड. नावं मिळाली नाहीत तर सही करायची, सही केली की मैदान जाणार, आणि मैदान गेलं की जाऊबाईंच्या फेऱ्या बंद. घरी येताना यजमान एवढंच म्हणाले, "अगं, शब्द देण्याआधी निदान पाकिटाच्या दोन्ही बाजू बघाव्यात."

सोमवारी हळूबाई एका डबीत ओलं शेवाळ घालून, त्यावर तीन नमुने निजवून, वनस्पतींच्या सरकारी कार्यालयात गेल्या. तिथल्या साहेबांनी डबी उघडली, बंद केली आणि म्हणाले, "बाई, ही बुरशी आहे. बुरशी ही वनस्पती नव्हे."

"मग प्राणी आहे का?"

"प्राणीही नव्हे."

"मग कुणाकडं जाऊ?"

साहेबांनी डबी पुन्हा उघडून पाहिली. सृष्टीचा एवढा मोठा भाग कुठल्याच खात्याकडं नाही, हे त्यांच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं असावं. शेवटी म्हणाले, "शेतीवाल्यांकडं बघा. तिथं बुरशी असते."

शेतीवाल्यांकडं बुरशी होती, पण ती रोग म्हणून. खिडकीतल्या बाईंनी अर्ज पुढं सरकवला. पहिला रकाना: कोणत्या पिकावर. हळूबाईंनी लिहिलं, 'गवत'. दुसरा: झालेले नुकसान. इथं पेन थांबलं. खोटं लिहिणं हेही खोटं बोलणंच. त्यांनी देवाचं नाव घेऊन लिहिलं, 'काही नाही. उलट शोभा आली.'

खिडकीतल्या बाईंनी ते दोनदा वाचलं. "नुकसान नाही, तर तक्रार कशाची?"

"तक्रार नाही. चौकशी आहे."

"चौकशीची खिडकी वेगळी."

"ती बंद आहे."

"मग तशी तक्रार करा. तिचा अर्ज आहे आमच्याकडं."

मंगळवारी आरोग्य खातं. तिथला कारकून भला होता, त्यानं बसायला खुर्ची दिली. "हे कुणी खाल्लंय का?"

"अजून नाही."

"मग आम्हाला काही करता येत नाही हो. कुणी खाल्लं की या."

बुधवारी यजमानांनी खाल्लं.

यात हळूबाईंचा काही हात नव्हता, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे, कारण गच्चीवाल्या बाईंनी पुढं भलतंच पसरवलं. नमुने ताजे राहावेत म्हणून त्यांनी ते फ्रिजमध्ये, लोण्याशेजारी, झाकणाच्या डबीत ठेवले होते. डबीवर चिठ्ठीही होती: 'यांची चौकशी चालू आहे.' यजमान चष्मा न लावता उठले, पावाला लोणी लावलं, आणि कोवळी मक्याची कणसं समजून दोन पिवळ्या गदा त्यावर आडव्या ठेवून दाताखाली घातल्या.

"शी! कडू आहे हे!"

हळूबाई स्वयंपाकघरात आल्या, पाहिलं, आणि सगळ्यात आधी त्यांनी काय करावं? वही उघडून लिहिलं, 'चव: कडू. (यजमान.)' मग पेनाला टोपण लावलं. आणि मग त्यांना आपण काय केलं ते कळलं. तशाच त्या नवऱ्याला घेऊन कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडं धावल्या.

"काय खाल्लं?" डॉक्टरांनी विचारलं.

"तेच तर आम्ही तीन दिवस शोधतोय," यजमान म्हणाले.

डॉक्टरांनी चार तास बसवून ठेवलं, नाडी पाहिली, पोट दाबलं, आणि चिठ्ठीवर लिहिलं: 'अज्ञात पिवळी वस्तू खाल्ली. प्रकृती उत्तम. स्वभाव चिडका.' पुन्हा असलं काही तोंडात घातलंत तर माझ्याकडं येऊ नका, असंही बजावलं. हळूबाईंनी त्या दिवशी देवासमोर कान धरले. वहीतली नोंद मात्र खोडली नाही. जे खरं ते खरं.

गुरुवारी त्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन पुन्हा आरोग्य खात्यात गेल्या.

"खाल्लं," त्या म्हणाल्या.

कारकुनाचा चेहरा उजळला. "वा! म्हणजे, अरेरे. त्रास काय झाला?"

"काही नाही."

"मग त्रास झाल्यावर या."

आता मात्र हळूबाईंच्या मनात कुठंतरी काहीतरी ताठ झालं. आवाज चढवायचा नाही हा नेम होता, मान खाली घालायची असा नेम नव्हता. त्या खिडकीशी वाकून म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या तिन्ही खात्यांच्या तीन इमारती आहेत, एकशेवीस खोल्या आहेत. मला एक नाव हवंय. त्यासाठी मी नवऱ्याला हे दुसऱ्यांदा खाऊ घालणार नाही." कारकुनाला अर्धंच ऐकू आलं, पण तो उठून उभा राहिला.

मदत आली ती शेजारच्याच दारातून. तिथं रक्तलघवी तपासणीची प्रयोगशाळा चालवणारे एक गृहस्थ राहत. सगळे त्यांना लॅबवाले म्हणत. अबोल माणूस. वीस वर्षं लोकांच्या शरीरातून निघालेल्या गोष्टी सूक्ष्मदर्शकाखाली बघून त्यांचा माणसांबद्दलचा उत्साह मावळला होता. हळूबाईंनी डबी दाखवताच ते म्हणाले, "काचेवर रात्रभर पालथं ठेवा. वर पेला झाका. खाली पूड पडेल. ते तिचं बी, त्यावरून जात ओळखतात."

सकाळी काचेवर खरंच पांढरी पूड होती, पिठीसाखरेची बोटं उमटावीत तशी. लॅबवाल्यांनी ती भिंगाखाली घेतली, आणि डोळा लावला तो काढेचनात. बाहेर तीन रोगी नळ्या हातात घेऊन ताटकळत होते.

"वहिनी, बघा! काटे आहेत! गोल गोळा, आणि अंगभर काटे!"

हळूबाईंनी डोळा लावला. काही दिसेना. मग स्वतःचीच पापणी दिसली. मग एकदम, धुक्यातून उगवावेत तसे, इवलेसे काटेरी चेंडू. त्यांच्या तोंडून नकळत "अगंबाई" निघालं, आणि ते चक्क बाहेरच्या रोग्यांना ऐकू गेलं.

शिंगांवाल्याची पूड मात्र गुळगुळीत निघाली. तिसऱ्यानं पूडच टाकली नाही. तो पहिल्यापासूनच हट्टी होता.

लॅबवाल्यांनी रीतसर अहवाल छापून दिला, शिक्क्यासह. त्यांच्या यंत्रात एकच छापील नमुना होता, त्यामुळं तो असा निघाला. रुग्णाचे नाव: पिवळी गदा. वय: समजले नाही. लिंग: लागू नाही. उपाशीपोटी की जेवणानंतर: पावसानंतर. निष्कर्ष: काटे आढळले. सल्ला: तज्ज्ञांस दाखवावे.

"शिक्का आहे, पण नाव नाही," हळूबाई म्हणाल्या.

"नाव सांगणारं माणूस आहे," लॅबवाले म्हणाले. "आमच्या कॉलेजात बुरशी शिकवणाऱ्या बाई होत्या. निवृत्त होताना त्यांनी विभागाचा शिक्का परत करायला नकार दिला. म्हणाल्या, माझ्यानंतर बुरशीवर शिक्का मारायला आहे कोण?"

हळूबाईंना त्या बाई न भेटताच आवडल्या.

तीन डब्या तयार झाल्या. बांधणी यजमानांनी केली. आयुष्यात पहिल्यांदा ते टपालाच्या या बाजूला उभे होते, आणि पूर्वीच्या सहकाऱ्याला 'नाजूक' या शिक्क्याचा अर्थ समजावून सांगताना त्यांनी तो स्वतःच दोनदा मारून दाखवला. सोबत हळूबाईंनी पत्र लिहिलं, त्यात सगळं खरंखरं सांगितलं: कुठं उगवलं, वास कसा (शिंगांवाल्याला नव्या पिठासारखा), चव कशी आणि ती कशी कळली, सभेत काय ठरलं, आणि जाऊबाई काय म्हणायच्या.

मग वाट बघणं. आता इमारतीत एक गंमत झाली. ज्यांनी चेष्टा केली होती, तेच जाता-येता जिन्यात थांबू लागले. "आलं का हो नाव?" मुख्याध्यापक रोज मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसत आणि शिंगांवाल्याची उंची पट्टीनं मोजत. त्यांनी छडीसारखी ताठ शिस्त लावून सगळ्यांना कडेनं चालायला लावलं. गच्चीवाल्या बाईंनी व्हिनेगरची बाटली घरी ठेवून भिंग आणलं. रखवालदार तिसऱ्या घोळक्याशी छत्री उघडून उभा राही, आणि तिकडं फाटकातून गाड्या बिनपहाऱ्याच्या आत येत. काटेवाला कुणाचा, शिंगांवाला कुणाचा, अशी वाटणीच झाली होती. हळूबाई रोज वळसे घालून फेऱ्या पुऱ्या करत होत्या आणि दिवस मोजत होत्या. बारा. तेरा.

चौदाव्या दिवशी दुपारी पत्र आलं. दोन पानं. हळूबाईंनी ते वाचलं, घडी घातली आणि देवासमोर ठेवलं. रात्री जेवताना त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. अर्थात हे यजमानांच्या लगेच लक्षात आलं असं नाही.

पंधराव्या दिवशी, रविवारी, चिटणिसांनी सभा ठेवली ती सकाळी सात वाजता. नेमकी फेऱ्यांच्या वेळेला. हळूबाई उपाशीपोटी, तोंडात पाण्याचा थेंबही न घेता, सभेला आल्या आणि पत्राचं पहिलं पान टेबलावर ठेवलं. खाली जांभळा, गोल, ठसठशीत शिक्का होता.

चिटणीस अडखळत वाचू लागले. "काटेरी पूड आणि कडू चव असलेली ती क्लॅव्हुलिनॉप्सिस हेल्व्होला... शिंगांची, पिठाच्या वासाची, ती क्लॅव्हुलिनॉप्सिस कॉर्निक्युलाटा... 'ही मंडळी नांगर न लागलेल्या, खत न पडलेल्या, आखूड जुन्या गवतात राहतात. घाईच्या जागी ती येत नाहीत. तुमच्या त्या मैदानावर पुष्कळ वर्षं कुणीतरी हलक्या पावलांनी चाललं असावं.'"

हळूबाईंनी चष्मा काढून पुसला.

"बघा, कडू! मी म्हटलं नव्हतं?" यजमान सगळ्यांना सांगत सुटले. टाळ्याही पडल्या. पण चिटणीस तसे सोडणारे नव्हते. त्यांनी पान खाली ठेवलं आणि गोड हसले.

"छान झालं, वहिनी. अभिनंदन. आता तुमचीच अट बघा. नाव ठाऊक नाही त्यावर पाय द्यायचा नाही. आता नाव कळलं! मग आता द्यायला हरकत नाही. घाला फरशी!"

सगळे हळूबाईंकडं बघू लागले. त्या नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, आणि चोवीस बिऱ्हाडं पुढं वाकली:

"नाव कळलं की पाय द्यायचा असता, चिटणीससाहेब, तर तुमचं नाव मला तीस वर्षं ठाऊक आहे."

मुख्याध्यापकांची काठी हातातून पडली. हशा इतका उसळला की लॅबवाल्यांनासुद्धा हसू आवरेना. चिटणीस लालबुंद झाले, पण शब्द शब्द होता. त्यांनी ठरावाच्या कागदावर 'रद्द' लिहायला पेन उचललं.

"थांबा," हळूबाई म्हणाल्या.

यजमानांनी पाय दाबला. या खेपेला योग्य पाय होता. काही उपयोग झाला नाही.

"पत्राला दुसरं पान आहे." त्यांनी पिशवीतून ते काढलं. कुणाला कळलं नसतं, कुणी विचारलंही नव्हतं. आणि त्या पानावर शिक्काही नव्हता. त्यांनी स्वतःच वाचलं. "'तिसऱ्या डबीत नमुना मिळाला नाही. आत फक्त एक तृप्त गोगलगाय होती. ती मी बागेत सोडली आहे. पांढरट टोकांवरून अंदाज बांधता येतो, पण अंदाजावर मी शिक्का मारत नाही. गुरुवारी जागेवर येऊन पाहीन. तोवर तिथं कुणी पाय देऊ नये.'"

"ठरलं होतं 'पिवळ्या वस्तूंची नावं'," हळूबाई म्हणाल्या. "सगळ्यांची. एक राहिलं. मी हरले."

चिटणिसांनी 'रद्द' लिहायला उचललेलं पेन अलगद हळूबाईंच्या पुढं धरलं. ते धरताना मात्र त्यांनी नजर कागदावरच ठेवली. खरं बोलणाऱ्या माणसाविरुद्ध जिंकणं हे काम वाटतं तितकं सुखाचं नसतं.

हळूबाईंनी सही केली. सावकाश, पूर्ण नावाची, एक वेलांटी न चुकवता. चोविसावी सही.

"अहो, पण," गच्चीवाल्या बाई उठल्या, "मग तिसऱ्याचं काय निघालं?"

"ते गुरुवारी कळणार," लॅबवाले म्हणाले.

"आणि फरशी?"

"उद्यापासून," चिटणीस म्हणाले.

"म्हणजे ते कधीच कळणार नाही?" गच्चीवाल्या बाईंचा आवाज चिरकला. "इतके दिवस मी भिंग घेऊन त्याच्यासमोर बसले, आणि नाव न कळता त्यावर गाडी उभी करू? मला झोप लागायची नाही! द्या तो कागद. माझी सही खोडायची आहे."

"असं खोडता येत नाही..."

"केलेली माझी, खोडणार मी!" आणि त्यांनी खोडली.

मागून मुख्याध्यापक. "माझीही. उत्तरपत्रिका अर्धवट असताना मी कधी निकाल लावला नाही." मग लॅबवाले. मग दुसरा मजला, मग तिसरा. ज्यांना मैदानाचं सोयरसुतक नव्हतं, त्यांनाही तिसऱ्याचं नाव हवं होतं. जगात दया थोडी, न्याय त्याहून थोडा. पण शेजाऱ्यांची चौकशी करायची हौस अपरंपार आहे. देवानं ती कशासाठी दिली असेल, याचं कोडं हळूबाईंना त्या दिवशी उलगडलं. शेवटी खुद्द चिटणिसांच्या सौभाग्यवती उठल्या, नवऱ्याच्या हातातून पेन घेतलं आणि म्हणाल्या, "घरात दोन सह्या आहेत का एक? एकच ना? ती मी खोडतेय."

चिटणिसांनी कागद उजेडात धरला. तेवीस सह्या खोडलेल्या, आणि तळाशी, वळणदार अक्षरात, एकच शिल्लक. पंधरा दिवसांपूर्वी जी नव्हती, ती.

"वहिनी," ते खचून म्हणाले, "तुमचीही खोडा आता. निदान कागद तरी नीट दिसेल."

"नाही हो. मी शब्द दिलाय. माझी राहू द्या," हळूबाई म्हणाल्या. "गुरुवारी बाई येतील, त्यांना दाखवू."

सभा उठली. चहा आला, बिस्किटं आली. यजमानांनी पहिला कप बायकोपुढं धरला. ऊन चढलं होतं, तिच्या ओठांना कोरड पडली होती.

"घे की गं. झालं ना सगळं?"

हळूबाईंनी कप हळूच टेबलावर ठेवला आणि त्यावर बशी झाकली. मागचं दार उघडलं. उंबऱ्यात चपला काढल्या, शेजारी शेजारी नीट लावल्या. गवत अजून ओलं होतं. भिंतीशी तिसरी मंडळी आपल्या पांढरट टोकांनिशी उभी होती, नाव न सांगता.

"आलेच," त्या म्हणाल्या, आणि त्यांना वळसा घालत पहिल्या फेरीला लागल्या.